लग्न केले म्हणून देशबंदी : सेरेत्से खामा यांचा संघर्ष

१३ जुलै हा बोत्स्वानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सर सेरेत्से खामा यांचा स्मृतिदिन. आपल्याकडे हे नाव फारसे घेतले जात नाही. मात्र एखादे सरकार माणसाला त्याच्याच मायभूमीत यायला बंदी कशी करते, त्यासाठी कोणती कारणे सांगते आणि कोणती लपवून ठेवते, हे समजून घ्यायचे असेल तर त्यांचे आयुष्य जरूर वाचायला हवे.

सेरेत्से यांचा जन्म १ जुलै १९२१ रोजी सेरोवे या गावी झाला. तेव्हा या देशाचे नाव बेचुआनालँड होते आणि तो ब्रिटनच्या संरक्षणाखालील प्रदेश होता. वडील बांग्वाटो या मोठ्या जमातीचे राजे. सेरेत्से चार वर्षांचे असताना वडील वारले आणि गादीचा हक्क त्यांच्याकडे आला. वय लहान असल्याने कारभार चुलते त्शेकेदी खामा पाहू लागले. त्यांनीच पुतण्याला शिकवले. दक्षिण आफ्रिकेतील फोर्ट हेअर येथे पदवी घेतल्यावर सेरेत्से १९४५ मध्ये ऑक्सफर्डला गेले आणि पुढे लंडनच्या इनर टेंपलमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास करू लागले.

एक लग्न आणि दोन सरकारे

१९४७ मध्ये लंडनमध्ये त्यांची रुथ विल्यम्स या गोऱ्या तरुणीशी ओळख झाली. रुथ एका कार्यालयात कारकून होत्या आणि महायुद्धात हवाई दलाच्या महिला शाखेत त्यांनी काम केले होते. दोघांनी लग्न करायचे ठरवले. दोन्ही घरांतून विरोध झाला. चर्चमध्ये लग्न लावायला धर्माधिकाऱ्यांनी नकार दिला. अखेर २९ सप्टेंबर १९४८ रोजी दोघांनी नोंदणी कार्यालयात विवाह केला.

चुलत्यांनी पुतण्याला परत बोलावून घेतले. जमातीच्या सभेला तिकडे खोत्ला म्हणतात. आधीच्या दोन सभांमध्ये या लग्नाला कडाडून विरोध झाला. सेरेत्से यांनी मात्र लोकांसमोर उभे राहून आपली बाजू पुन्हा पुन्हा मांडली. जून १९४९ च्या तिसऱ्या सभेत त्यांनी थेट लोकांचाच कौल मागितला. हजारो माणसे त्यांच्या बाजूने उभी राहिली, विरोधात मोजकेच उरले. गोऱ्या पत्नीसह आपला राजा लोकांनी स्वीकारला.

प्रश्न इथेच मिटायला हवा होता. पण शेजारच्या दक्षिण आफ्रिकेत १९४८ पासून मलान यांच्या पक्षाचे वर्णभेदी सरकार होते. त्या सरकारने १९४९ मध्येच गोरे आणि इतर यांच्यातील विवाहावर कायद्याने बंदी घातली. सीमेपलीकडे एक काळा राजा आणि गोरी राणी सुखाने नांदत आहेत, हे त्यांना कसे पाहवेल? त्यांनी सेरेत्से आणि रुथ यांना आपल्या देशात प्रवेशबंदी केली. यातली विसंगती पाहा. बेचुआनालँडचा सरकारी कारभार ज्या माफेकिंग शहरातून चाले, ते शहरच दक्षिण आफ्रिकेत होते. म्हणजे भावी राजाला स्वतःच्या प्रदेशाच्या कचेरीतही पाऊल टाकता येत नव्हते.

दडवलेला अहवाल

महायुद्धानंतर ब्रिटनची तिजोरी रिकामी झाली होती. त्यांना दक्षिण आफ्रिकेचे सोने हवे होते, अणुबॉम्बसाठी युरेनियम हवे होते. शिवाय दक्षिण आफ्रिका आसपासचे ब्रिटिश प्रदेश गिळंकृत करील, ही भीतीही होती. तिथला ब्रिटनचा उच्चायुक्त एकच. दक्षिण आफ्रिकेशी संबंध राखणारा तोच आणि बेचुआनालँडचा कारभार पाहणाराही तोच. मग दोघांचे हित आड आले तर तो कोणाची बाजू घेणार?

ब्रिटिश सरकारने न्यायमूर्ती हॅरागिन यांची चौकशी नेमली. सेरेत्से राजा होण्यास लायक आहेत, हे या अहवालाने मान्य केले. फक्त त्यांच्या लग्नामुळे शेजारी देश दुखावेल, म्हणून त्यांना गादी देऊ नये, असेही म्हटले. हे छापले असते तर खरे कारण जगासमोर आले असते. म्हणून सरकारने अहवालच दडपला आणि तो पुढे अनेक वर्षे बंद राहिला.

१९५० च्या सुरुवातीला सेरेत्से यांना चर्चेसाठी लंडनला बोलावले गेले. वार्षिक तनखा घ्या आणि गादीवरचा हक्क सोडा, असा प्रस्ताव समोर आला. त्यांनी नकार दिला. मार्चमध्ये पाच वर्षांची देशबंदी जाहीर झाली. हे सरकार मजूर पक्षाचे होते, समतेची भाषा बोलणारे. विरोधात असताना चर्चिल यांनी या वागणुकीवर टीका केली. पण १९५१ मध्ये त्यांचीच सत्ता आली आणि १९५२ मध्ये त्यांच्या सरकारने ही बंदी कायमची केली. पक्ष बदलले, धोरण तेच राहिले.

ब्रिटनमध्ये खासदार फेनर ब्रॉकवे, क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन यांच्यासारखे लोक सेरेत्से यांच्या पाठीशी उभे राहिले. खरा लढा मात्र सेरोवेत झाला. दुसरा राजा निवडा, असे सरकार वारंवार सांगत राहिले, लोक निवडेनात. १९५२ मध्ये जमातीचे शिष्टमंडळ लंडनला गेले आणि रिकाम्या हाताने परतले. त्याच वर्षी सेरोवेत दंगल होऊन पोलिसांचा बळी गेला. तरी गादी रिकामीच राहिली.

गादी सोडली, हक्क नाही

१९५६ मध्ये चुलते-पुतण्यांचा समेट झाला. सेरेत्से यांनी स्वतःचा आणि आपल्या मुलांचा गादीवरील हक्क सोडला. पत्नीला मात्र सोडले नाही. ऑक्टोबर १९५६ मध्ये ते एक सामान्य नागरिक म्हणून मायभूमीत परतले.

१९६२ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह पक्ष काढला. मार्च १९६५ च्या निवडणुकीत या पक्षाने ३१ पैकी २८ जागा जिंकल्या. कारभार माफेकिंगहून गॅबोरोन या नव्या राजधानीत आणला गेला. ३० सप्टेंबर १९६६ रोजी बोत्स्वाना स्वतंत्र झाला. तेव्हा हा जगातील अत्यंत गरीब देशांपैकी एक होता आणि दुष्काळाने होरपळत होता. पुढच्याच वर्षी ओरापा येथे हिरे सापडले. जमिनीखालची संपत्ती कोणा एका जमातीची नसून साऱ्या देशाची, हे धोरण सेरेत्से यांनी स्वतःच्या बांग्वाटो जमातीलाही लागू केले. खाणीतला सरकारचा वाटाही त्यांनी वाटाघाटी करून वाढवला.

दक्षिण आफ्रिकेशी असलेला व्यापार त्यांना तोडता आला नाही, देश त्यावरच जगत होता. पण तिथून पळून आलेल्या निर्वासितांना त्यांनी आसरा दिला, आणि आपल्या देशात कातडीच्या रंगावरून कायदा होऊ दिला नाही. निवडणुका वेळेवर होत राहिल्या. १३ जुलै १९८० रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षी, पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. रुथ यांनी पुढेही बोत्स्वानातच आयुष्य काढले.

जातीबाहेर लग्न केले म्हणून घर आणि गाव सोडावे लागलेली तरुण मुले आपल्याही आजूबाजूला आहेत. सेरेत्से यांच्या बाबतीत तर एक साम्राज्य विरोधात उभे होते. त्यांनी गादी गमावली, कारण ती वारशाने मिळाली होती आणि वारसा कागदावर सही घेऊन काढून घेता येतो. लोकांनी मतपेटीतून दिलेला अधिकार मात्र लंडनला काढून घेता आला नाही.

सेरेत्से खामा यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.