दिवा, काठी आणि भास्कराचार्य

लीलावतीची गोष्ट महाराष्ट्रात बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी वडिलांनी पाण्यावर घटिकापात्र सोडले. छिद्रातून पाणी किती चढले हे पाहायला मुलगी वाकली, तिच्या अंगावरचा एक मोती पात्रात पडला, छिद्र बुजले आणि मुहूर्त टळून गेला. दुःखी बापाने मग तिच्या नावाने गणिताचा ग्रंथ लिहिला, तिचे नाव तरी मागे राहावे म्हणून. गोष्ट मनाला भिडते, पण भास्कराचार्यांनी ती कुठेही लिहिलेली नाही. आपल्यापर्यंत ती आली एका फारसी किताबेतून. १५८७ मध्ये बादशहा अकबराच्या हुकुमाने दरबारातला शायर फैजी याने ‘लीलावती’चा फारसी तर्जुमा केला, त्याच्या सुरुवातीला ही हकीकत आहे. मूळ संस्कृत ग्रंथात लीलावती आहे ती एवढीच की काही उदाहरणे एका मुलीला उद्देशून विचारली आहेत. इतर ठिकाणी ‘मित्रा’ आहे, ‘बाळा’ आहे. एका मराठी मुलखातल्या गणितीची सर्वांत लाडकी आठवण एका फारसी शायराने जपली, हे मला त्या मोत्यापेक्षाही मोलाचे वाटते.

भास्कराचार्य स्वतःबद्दल फार बोलत नाहीत. शके १०३६ म्हणजे १११४ साली आपला जन्म झाला आणि छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धांतशिरोमणी’ रचला, हे त्यांनी सांगितले आहे. गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले विज्जडविड, गोत्र शांडिल्य, वडील महेश्वर, आणि गुरूही तेच. विज्जडविड म्हणजे आजचे कोणते गाव यावर अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही. मात्र घराण्याचा सर्वांत भक्कम पुरावा जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटणला मिळाला. त्याकडे पुढे येऊ.

‘सिद्धांतशिरोमणी’चे चार भाग: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पहिला भाग सर्वांत गाजला, कारण त्यातली गणिते घरातली, बाजारातली आणि रानातली आहेत. भुंगे आहेत, हत्ती आहेत, सापावर झेप घेणारा मोर आहे. वाऱ्याने मोडलेला बांबूही आहे. बत्तीस हात उंचीचा बांबू मोडला, शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर जमिनीला टेकला, तर मोडला किती उंचीवर? उत्तर बारा हात. बांबूच्या जिल्ह्यात राहणाऱ्या आपल्या वाचकांनी हे एकदा कागदावर करून पाहावे.

पण आज लिहायचे आहे ते ‘लीलावती’तल्या एका छोट्या प्रकरणाबद्दल. त्याचे नाव छायाव्यवहार, म्हणजे सावलीचे गणित.

जमिनीवर बारा अंगुळांची एक खुंटी उभी करायची. तिला शंकू म्हणतात. चोवीस अंगुळांचा एक हात, म्हणजे साधारण दीड फूट. खुंटीपासून तीन हातांवर साडेतीन हात उंचीचा दिवा ठेवला, तर सावली किती लांब पडेल? भास्कराचार्यांची रीत अशी: दिव्याच्या उंचीतून शंकूची उंची वजा करा, म्हणजे साडेतीनातून अर्धा, उरले तीन हात. शंकूच्या बारा अंगुळांना दिव्याच्या अंतराने, म्हणजे तीनने गुणा आणि त्या उरलेल्या तीनने भागा. सावली बारा अंगुळे. यात दोन सारख्या आकाराच्या त्रिकोणांपलीकडे काहीही नाही. दिव्यापासून निघालेली एक सरळ रेषा खुंटीच्या टोकाला स्पर्श करते आणि पुढे जाऊन जमिनीला मिळते. जिथे मिळते तिथे टोकाची सावली.

सावली मोजण्याची गरज जुनी आणि सगळ्यांची. पंचांगकर्त्याला ती लागते, आणि असरच्या नमाजीची वेळही सावलीच्या लांबीवरूनच ठरते. अरबी ग्रंथांतही सावलीच्या काठीचे बारा बोटे असे भाग पाडलेले सापडतात, आणि भास्कराचार्यांच्या जन्माआधी जवळपास शंभर वर्षे अल-बीरुनीने सावल्या या एकाच विषयावर अख्खी किताब लिहिली होती.

आता हीच गोष्ट मोबाईलवर बघा. वरोऱ्यातला कुठलाही मुलगा मोटारी पळवण्याचा खेळ खेळतो तेव्हा संगणकाच्या स्मरणात त्या मोटारीचा प्रत्येक बिंदू तीन आकड्यांनी ठेवलेला असतो: किती उजवीकडे, किती वर, किती दूर. पडदा मात्र सपाट, त्याला दोनच आकडे कळतात. मग तिसऱ्या आकड्याचे करायचे काय? समजा डोळा एका जागी स्थिर आहे आणि त्याच्यासमोर काच उभी आहे. डोळ्यापासून मोटारीच्या बिंदूपर्यंत एक बाण काढायचा. दिशा आणि लांबी असलेल्या अशा बाणाला गणितात सदिश म्हणतात, इंग्रजी शाळेतल्या मुलांना तो व्हेक्टर म्हणून माहीत असतो. बाणाची दिशा न बदलता तो नेमका काचेवर टेकेल एवढा आखूड करायचा. जिथे टेकला तिथे तो बिंदू रंगवायचा. आकडेमोड एवढीच: बिंदूची उंची गुणिले काचेचे अंतर, भागिले बिंदूचे अंतर. डावी-उजवीची बाजूही याच रीतीने. दूरची वस्तू लहान का दिसते, याचे उत्तर त्या भागाकारात आहे. सावलीत रेषा वस्तूच्या पलीकडे जाऊन जमिनीला मिळते, इथे ती वस्तूच्या अलीकडे काचेला मिळते. त्रैराशिक तेच.

डोळा आणि नजरेची रेषाही भास्कराचार्यांकडे आहे. गोलाध्यायाच्या यंत्रांच्या प्रकरणात एकामागून एक यंत्रांची वर्णने येतात. आणि या सगळ्यांवर ते ज्याला बसवतात त्याचे नाव धीयंत्र, बुद्धीचे यंत्र. ते दिसायला नुसती काठी आहे! काठी डोळ्याशी धरून समोरच्या बांबूच्या बुंध्यावर रोखायची, मग शेंड्यावर रोखायची, दोन्ही वेळा काठीच्या टोकांमधले आडवे आणि उभे अंतर ओळंब्याने मोजायचे. एवढ्यावरून बांबू किती दूर आणि किती उंच हे जागेवरून न हलता सांगता येते.

आकडे मी घालून दाखवतो. पंचवीस अंगुळांची काठी, डोळ्याची उंची साडेतीन हात. बुंध्यावर रोखली तेव्हा काठीची टोके आडवी चोवीस आणि उभी सात अंगुळे अंतरावर आली. सात अंगुळे उतरायला चोवीस लागतात, तर साडेतीन हात उतरायला बारा हात. म्हणजे बांबू बारा हातांवर. शेंड्यावर रोखली तेव्हा आडवी पंधरा, उभी वीस. पंधराला वीस, तर बारा हातांना सोळा हात. त्यात डोळ्याची उंची मिळवली की बांबू साडेएकोणीस हात, सुमारे एकोणतीस फूट. आता डोळ्यासमोर बरोबर पंधरा अंगुळांवर काच धरा. शेंडा काचेवर कुठे दिसेल? डोळ्याच्या पातळीपासून वीस अंगुळे वर. काठीचे टोक नेमके तिथेच होते. संगणक जो बिंदू रंगवतो तो हाच.

म्हणून संगणकाचा शोध आपल्याकडेच लागला होता असे कोणी म्हणू लागले तर मात्र मी त्या मिरवणुकीत नाही. भास्कराचार्यांकडे सदिश नव्हते, पडदा नव्हता, सपाट कागदावर खोलीचे चित्र काढण्याचा त्यांचा हेतूही नव्हता. त्यांच्यावर असले दावे लादले की खरे काम झाकले जाते. त्यांचे काम स्वतःच पुरेसे मोठे आहे.

उदाहरणार्थ, एका सावलीतून काय हरवते हे त्यांना पक्के ठाऊक होते. सावली आठ अंगुळे आहे एवढ्यावरून दिवा सापडत नाही. दिवा एक हात उंच आणि आठ अंगुळे दूर असला तरी सावली आठ, साडेसहा हात उंच आणि चार हात दूर असला तरी आठच. मग ते दुसरे उदाहरण देतात. तोच शंकू दोन हात मागे सरकवला तर सावली बारा अंगुळे होते. आता दिवा किती उंच आणि किती दूर? दोन सावल्या मिळाल्यावर उत्तर एकच उरते: साडेसहा हात उंच, पहिल्या जागेपासून चार हात दूर. आपल्याला अल्लाने दोन डोळे दिले आहेत ते उगाच नाहीत. आणि दोन जागांवरून काढलेल्या दोन फोटोंवरून इमारतीची खोली शोधणारा संगणकही हाच हिशेब करतो.

सावलीचे प्रकरण संपवताना ते सांगतात की श्रीहरीने विश्व व्यापावे तसे हे सगळे गणित त्रैराशिकाने व्यापले आहे. भाविक माणसाची उपमा आहे, पण गणितीचा निष्कर्षही आहे.

आणखी एक धागा मी माझ्या जबाबदारीवर जोडत आहे. दिवा आणि खुंटी एकाच उंचीची झाली तर? वजाबाकी शून्य, आणि शून्याने भागायची पाळी. रेषा आडवी जाते, जमिनीला मिळतच नाही, सावलीला अंत नाही. बीजगणितात भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला खहर म्हटले आणि तिला अनंत मानले. त्यात काही मिळवा, काही काढा, ती बदलत नाही. आजचे गणित शून्याने भागायला परवानगी देत नाही, आणि ते बरोबर आहे. पण संगणकावर चित्रे काढणाऱ्यालाही हा खड्डा रोज ओलांडावा लागतो: डोळ्याच्या अगदी पातळीत आलेल्या बिंदूचे अंतर शून्य होते, म्हणून असे बिंदू तो भागाकाराआधीच छाटून टाकतो.

गोलाध्यायात पृथ्वी गोल असून सपाट का दिसते याचे उत्तर आहे. वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सपाट भासतो, पृथ्वी अवाढव्य आणि माणूस इवलासा, म्हणून त्याला आपल्या भोवतीची जमीन सपाट वाटते. गोलाच्या पृष्ठफळासाठी त्यांनी चेंडूवरच्या जाळ्याची उपमा दिली, आणि आवळ्यावर दिसतात तशा रेषांनी गोलाचे उभे काप कल्पून हिशेब पटवून दिला. त्यांच्या आधीच्या लल्लाचे सूत्र चुकले होते, तेही त्यांनी स्पष्ट सांगितले. आज संगणकात गोल काढायचा तर त्याच्यावर छोट्या सपाट तुकड्यांचे जाळेच पसरतात. तुकडे पुरेसे लहान असले की डोळा फसतो.

११८३ चा आरंभबिंदू धरून त्यांनी ‘करणकुतूहल’ रचला. तेव्हा वय एकोणसत्तर. अवघड सिद्धांत बाजूला ठेवून रोजच्या पंचांगाला लागणारी सोपी कोष्टके आणि रीती देणारा हा ग्रंथ. उतारवयात मोठा माणूस इतरांचे काम सोपे करायला बसला, हे मला फार आवडते.

आता पाटण. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणलेल्या तिथल्या शिलालेखात हे घराणे पिढ्यान्‌पिढ्या उलगडते. मुलगा लक्ष्मीधर, त्याला यादव राजा जैत्रपालाने आपल्या दरबारी नेले. नातू चांगदेव, सिंघण यादवाचा ज्योतिषी. चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि १२०७ मध्ये निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिले. संस्कृत लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, ज्ञानेश्वरीच्या त्र्याऐंशी वर्षे आधीच्या मराठीत. कारण तिथे बाजाराचा हिशेब आहे आणि तो लोकांना कळायला हवा होता. गावात जो माल विकायला येईल त्यावर मठाचा वाटा, आणि जितके तेलघाणे चालतील त्या प्रत्येकाकडून पळीभर तेल. म्हणजे दिव्याच्या सावलीचे गणित शिकवणाऱ्या शाळेला पाटणचे तेली तेल पुरवत होते.

मठ राहिला नाही. ग्रंथ मात्र नकला होत होत देशभर गेले. फैजीनंतर १६३४-३५ मध्ये अताउल्लाह रुश्दीने बीजगणिताचा फारसी तर्जुमा करून शहाजहानला अर्पण केला. ताजमहालचे मिमार मानल्या जाणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरींचा हा मुलगा. १८१३ मध्ये एडवर्ड स्ट्रेचीने बीजगणित इंग्रजीत आणले ते संस्कृतावरून नाही, अताउल्लाहच्या फारसीवरून. संस्कृतावरून केलेला कोलब्रुकचा तर्जुमा चार वर्षांनी, १८१७ मध्ये आला. इंग्रजी वाचकाला भास्कराचार्यांचे बीजगणित आधी भेटले ते अताउल्लाहच्या हातून.

औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्याच्या प्रवेशद्वारावर मिमार म्हणून अताउल्लाहचे नाव कोरलेले आहे. तो हाच, असे मानले जाते. लक्ष्मीधर ज्या यादवांच्या दरबारी गेला त्यांची देवगिरी म्हणजे आजचा दौलताबादचा किल्ला. मकबऱ्यापासून तो पंधरा किलोमीटरच्या आसपास आहे.