हवेवर धावणारे चाक

शिरूर आणि दौंड तालुक्यांत गाळप हंगाम सुरू झाला, की उसाने भरलेल्या टायरगाड्या रस्त्यावर दिसू लागतात. लोखंडी धाव असलेल्या लाकडी चाकांच्या गाडीपेक्षा ही गाडी बैलांना ओढायला हलकी जाते. या हलकेपणाचे श्रेय बऱ्याच अंशी जनावरांच्या एका डॉक्टरला जाते.

जॉन बॉइड डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न येथे शेतकरी कुटुंबात झाला. एडिंबरा येथे पशुवैद्यक शिकून त्यांनी आयर्लंडमधील बेलफास्टमध्ये जम बसवला. त्यांचा लहान मुलगा तीनचाकी सायकल चालवत असे. तिचे टायर भरीव रबराचे असल्याने खडबडीत रस्त्यावर त्याला हादरे बसत.

१८८७ मध्ये डनलॉप यांनी रबराच्या पातळ पत्र्याची नळी करून लाकडी चकतीवर बसवली आणि तिच्यात हवा भरली. मग ही चकती आणि सायकलचे जुने चाक, दोन्ही अंगणात ढकलून पाहिली. जुने चाक लवकर थांबले. हवेचे चाक बरेच पुढे गेले.

कारण सोपे आहे. भरीव चाक दगडावर चढताना स्वारासह सायकल उचलते आणि त्यात जोर वाया जातो. हवेचा टायर दगडापुरता दबतो. त्यामुळे हादरा कमी होतो आणि वेगही टिकतो. १८८९ मध्ये विली ह्यूम या सायकलपटूने याच टायरवर बेलफास्टच्या शर्यती जिंकल्या.

डिसेंबर १८८८ मध्ये मिळालेले पेटंट मात्र पुढे रद्द ठरले. रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्येच तशा टायरचे पेटंट घेतले होते, याची डनलॉप यांना कल्पना नव्हती. टायरच्या धंद्यात इतरांनी अमाप पैसा कमावला, डनलॉप यांना त्यातला मोठा वाटा मिळाला नाही. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिनमध्ये त्यांचे निधन झाले.

आज पाठ टेकून चालवायच्या आडव्या सायकलींना स्प्रिंगचे सस्पेन्शनही बसवतात. साध्या सायकलीवर खड्डा दिसताच स्वार पॅडलवर उभा राहून गुडघ्यांवर धक्का झेलतो. आडव्या सायकलीवर ती सोय नसल्याने धक्का थेट पाठीला बसतो. तरीही पहिला हादरा टायरच झेलतो. सायकल कोणतीही असो, हवा ठासून भरली तर टायर भरीव चाकासारखाच आपटतो आणि कमी पडली तर सायकल जड जाते.