रमाबाई रानडे : शुश्रूषा आणि संवाद

रमाबाई रानडे यांचा जन्म सध्याच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी झाला. १८७३ मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी विवाह झाला, तेव्हा त्या निरक्षर होत्या. पतीने त्यांना शिकविले. त्यामुळे ओढवलेला घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष त्यांनी मुकाट्याने सोसला. १९०१ मध्ये वैधव्य आल्यानंतर त्या रुग्णालयांतील रुग्णांना आणि तुरुंगातील स्त्रियांना नियमितपणे भेटू लागल्या. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झाले. या संस्थेने ससून रुग्णालयात स्त्रियांच्या परिचारिका-प्रशिक्षणाची सोय केली. हे काम तेव्हा हलके मानले जाई. तरीही विधवा स्त्रिया त्यासाठी पुढे आल्या. परपुरुषापुढे दुखणे सांगण्यास संकोचणाऱ्या स्त्रीला तिच्याच भाषेत विचारपूस करणारी परिचारिका मिळणे, हे या कार्याचे मोठे फलित होय. १९२४ मध्ये रमाबाईंचे निधन झाले.

विद्यार्थी मित्रांनो, २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. शस्त्रक्रिया खरोखर आवश्यक आहे का, तिचे परिणाम कोणते, हे रुग्ण स्त्रीला उमगेल अशा बोलीत सांगणे आणि तिचे म्हणणे ऐकून घेणे, हाही शुश्रूषेचाच भाग आहे.

स्वाध्याय : रमाबाईंच्या कार्याच्या आधारे परिचारिकेच्या भाषिक कौशल्यांचे महत्त्व स्पष्ट करा.