खांसाहेब आणि जवारी

आमच्या कर्जत-खालापूरकडे मांडवावर भोपळा दिसला की भाजीचा विचार येतो. मिरजेला भोपळ्यावर टिचकी मारून नाद पाहतात. पश्चिम आफ्रिकेत, माली-गॅम्बियाकडे, अर्ध्या भोपळ्यावर गाईचे कातडे ताणून 21 तारांचा ‘कोरा’ करतात. आणि तिथल्या परंपरेत पुष्कळदा वाजवणाराच वाद्य घडवतो. हे वाचले तेव्हा मला अब्दुल करीम खांसाहेब आठवले.

खांसाहेबांचा जन्म 1872 चा, उत्तरेतल्या किराण्याचा. बडोद्याचा दरबार सोडून ते पुढे मिरजेचे झाले. 1913 साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य, हिराबाई बडोदेकर त्यांच्या कन्या. एवढे रसिकांना ठाऊक असते. पण हा थोर गवई वाद्यदुरुस्तीतही निष्णात होता, हे फारसे कुणी सांगत नाही.

तंबोऱ्याच्या घोडीचा माथा हलक्या हाताने घासून त्याला योग्य तो उतार द्यावा लागतो. मग तारेखाली सुताचा जीवा सरकवत नेमकी जागा शोधायची. ती सापडली की तार भरून गुंजू लागते. हीच जवारी. केसभर जास्त घासले तर मेहनत वाया! श्रुतींचा शोध घेणाऱ्या कृ. ब. देवलांना खांसाहेबांनी प्रयोगांसाठी आपला गळा दिला. इतका बारीक कान नुसत्या गाण्याने होत नाही. तो घोडीवर हात चालवूनही होतो, असे मला वाटते.

मिरजेत ही विद्या आधीपासून होती. शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले आणि मिरजेचा तंबोरा देशभर गेला. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण आता घरोघरी रियाज फोनमधल्या तंबोऱ्यावर चालतो. त्याची जवारी काढावी लागत नाही. मग ती काढणारा हात कशावर जगणार?

27 ऑक्टोबर 1937 रोजी पाँडेचेरीच्या वाटेवर खांसाहेबांना बरे वाटेनासे झाले. सिंगपेरुमाळकोईल स्टेशनावर ते उतरले आणि तिथेच त्यांचे प्राण गेले. मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात ते विसावले आहेत. उरुसात आजही तिथे गवई हजेरी लावतात. गवयांची नावे पत्रिकेत छापली जातात, जवारी काढणाऱ्याचे नाव कुठेच नसते. खांसाहेबांनी मात्र ते काम कधी हलके मानले नाही.