पट्टीवरच्या कापडाचे मानकरी : अर्ल डिक्सन

बीडहून मांजरसुंब्याला यावे आणि केजच्या रस्त्याला वळावे, की थोड्याच वेळात नेकनूर लागते. वारकरी मंडळींना ते बंकटस्वामी महाराजांचे गाव म्हणून ठाऊक, तर शेतकऱ्यांना जनावरांच्या बाजारासाठी. या मुलखात कापसाची वेचणी सुरू झाली, की बायकांच्या बोटांची दैना होते. उमललेल्या बोंडातला कापूस मऊ खरा. पण त्याला धरून बसलेली वाळलेली टरफले टोकदार असतात. दिवसभरात ती बोटांना कितीदा टोचतात याची मोजदाद कोणी ठेवत नाही. फारच झोंबू लागले, तर संध्याकाळी मेडिकलमधून एखादी पट्टी आणली जाते. पाकीट फाडायचे, चिकट बाजूवरचे दोन्ही कागद ओढून काढायचे, पट्टी बोटाभोवती गुंडाळायची. कागद खाली पडतात आणि वाऱ्याने कुठल्या कुठे जातात.

त्या उडून जाणाऱ्या कागदाला एक पूर्वज आहे. तो कागदाचा नव्हता, कापडाचा होता. आणि ज्या गृहस्थांनी तो प्रथम पट्टीवर अंथरला, त्यांचा व्यवसायही योगायोगाने कापूस खरेदी करण्याचाच होता. त्यांचे नाव अर्ल डिक्सन. ‘बँड-एड’ हे नाव जगभर झाले, इतके की कोणत्याही कंपनीची पट्टी त्याच नावाने मागितली जाते. डिक्सन यांचे नाव मात्र त्या प्रमाणात कोणाच्या ओठी आले नाही.

अर्ल एन्साइन डिक्सन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८९२ रोजी अमेरिकेतील टेनेसी राज्यात, ग्रँडव्ह्यू या लहानशा गावी झाला. वडील डॉक्टर होते. मुलाने मात्र तो मार्ग धरला नाही. येल विद्यापीठातून १९१३ मध्ये पदवी घेऊन ते पुढे न्यू जर्सी राज्यातील न्यू ब्रन्सविक येथे जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीत कापसाचे खरेदीदार म्हणून रुजू झाले. १८८६ साली स्थापन झालेली ही कंपनी शस्त्रक्रियेसाठी लागणारा कापूस, गॉज आणि चिकटपट्टी तयार करी. शेतातून आलेला कापूस जखमेवर जसाच्या तसा चालत नाही. त्याच्या तंतूंवर नैसर्गिक मेणाचा थर असतो, त्यामुळे तो पाणी शोषून घेत नाही. पाण्यात टाकला तर तरंगत राहतो. क्षारात उकळून आणि धुऊन ते मेण काढले, की तोच कापूस बुडू लागतो, म्हणजेच शोषू लागतो. अशा कारखान्याला माल घेऊन देणाऱ्याला कापसाची पारख चांगलीच असावी लागते. कापूस, त्याचे कापड आणि त्या कापडाचे गुण ही त्यांच्या रोजच्या व्यवहारातली गोष्ट होती. पुढे जे घडले त्याचे मूळ बरेचसे इथे आहे, असे मला वाटते.

१९१७ मध्ये त्यांचा विवाह जोसेफिन फ्रान्सिस नाइट यांच्याशी झाला. नवा संसार होता आणि घरातले सगळे जोसेफिन एकहाती पाहत. स्वयंपाक करताना त्यांना वारंवार कापे, भाजे. ही कथा सांगणारे बहुतेक लेखक त्यांना वेंधळी ठरवून मोकळे होतात. हा शेरा अन्यायाचा आहे. रोज सुरी आणि विस्तव यांच्याशी ज्यांची गाठ पडते, त्यांच्या बोटांना इजा व्हायचीच; आपल्याकडे विळीवर भाजी चिरणाऱ्या कोणत्याही गृहिणीला हे समजावून सांगावे लागणार नाही. प्रश्न जोसेफिन यांच्या हाताचा नव्हता, त्या काळच्या मलमपट्टीचा होता.

ती मलमपट्टी कशी असे? गॉजचा तुकडा कापायचा, घडी घालून जखमेवर ठेवायचा, मग चिकटपट्टीचा तुकडा कापून त्यावर दाबून बसवायचा. या सगळ्याला दोन हात लागतात, आणि जखम हातालाच असेल तर तिसराही. डिक्सन घरी असत तेव्हा ते पत्नीच्या बोटाला पट्टी बांधून देत. ते कामावर गेले की जोसेफिन एकट्या. रक्त येत असलेले बोट तोंडात धरून उरलेल्या हाताने कात्री चालवणे ही काही सोपी गोष्ट नव्हे. कशीबशी बांधलेली पट्टीही काम करताना थोड्याच वेळात निसटे. आपल्या पुराणकथेत कृष्णाचे बोट कापते तेव्हा द्रौपदी भरजरी वस्त्राची चिंधी फाडून बांधते. त्या कथेतही बांधायला दुसरे कोणीतरी जवळ असावे लागते. डिक्सन यांच्यापुढचा पेच नेमका हाच होता: जवळ कोणी नसेल तेव्हा काय?

१९२० साली त्यांनी यावर विचार केला. तोडगा उघड होता: पट्टी आधीच तयार करून ठेवावी. त्यांनी चिकटपट्टीची लांब पट्टी टेबलावर चिकट बाजू वर करून पसरली आणि तिच्या मधोमध थोड्या थोड्या अंतरावर गॉजच्या घड्या ठेवल्या. इथवरचे काम कोणालाही सुचले असते. गॉज नवा नव्हता, चिकटपट्टीही नवी नव्हती. दोन्ही वस्तू त्यांच्याच कंपनीत कित्येक वर्षे तयार होत होत्या. अडचण यापुढे होती. उघडी चिकट बाजू तशीच ठेवली तर तिला धूळ बसणार, ती वाळणार. गुंडाळी केली तर ती स्वतःच्याच पाठीला घट्ट बसणार. दोन हातांनी, वेळेवर, जागेवर बांधण्याची सक्ती होती ती या चिकटपणामुळेच.

डिक्सन यांनी त्या पट्टीवर क्रिनोलिन अंथरले. क्रिनोलिन म्हणजे खळ देऊन ताठ केलेले विरळ विणीचे कापड. पोशाखाला आणि टोप्यांना ताठपणा यावा म्हणून ते आत लावत. त्याची वीण मोकळी आणि पोत खरखरीत असल्याने चिकट द्रव्याला पकड घ्यायला फार थोडी जागा मिळते, आणि ताठ असल्याने ते सुरकुतत नाही. परिणामी ते पट्टीला धरून राहते. पण ओढले की सहज सुटून येते. आता पट्टीची गुंडाळी करून ठेवता येऊ लागली. बोट कापले, की जोसेफिन हवा तेवढा तुकडा कात्रीने कापत, वरचे कापड सोलून काढत आणि एका हाताने पट्टी लावत.

या शोधाचे वर्णन करताना गॉज आणि चिकटपट्टी एकत्र आणली असेच सांगितले जाते. मला ते अपुरे वाटते. डिक्सन यांच्या टेबलावर खऱ्या अर्थाने नवे असे एकच होते, ते फेकून द्यायचे कापड. त्याने पट्टी आणि जखम यांच्यात वेळेचे अंतर निर्माण केले. आज बनवलेली पट्टी महिन्यांनंतर, शेकडो कोसांवर, अनोळखी माणसाच्या बोटाला लागू शकते, ती या आच्छादनामुळे. ते नसते तर मलमपट्टी दुकानात विकण्याजोगी वस्तू झालीच नसती.

डिक्सन यांनी ही युक्ती एका सहकाऱ्याला सांगितली. त्याने ती वरिष्ठांच्या कानी घालण्याचा आग्रह धरला. वरिष्ठ फारसे प्रभावित झाले नाहीत, असे सांगितले जाते. मग डिक्सन यांनी त्यांच्यासमोर ती पट्टी स्वतःच स्वतःला लावून दाखवली, आणि चित्र पालटले. कंपनीचे त्या वेळचे अध्यक्ष जेम्स वुड जॉन्सन यांनी उत्पादनाला परवानगी दिली. ‘बँड-एड’ हे नाव सुचवले ते गिरणीचे अधीक्षक डब्ल्यू. जॉन्सन केनियन यांनी.

यश लगेच पदरी पडले नाही. सुरुवातीच्या पट्ट्या हाताने बनवल्या जात. त्या तीन इंच रुंद आणि अठरा इंच लांब असत, आणि घरी आणल्यावर गिऱ्हाइकाने त्यातून लागेल तेवढी कापून घ्यायची. पहिल्या वर्षी विक्री झाली अवघ्या ३,००० डॉलरची. लोकांना ही वस्तू वापरावी कशी हेच कळत नव्हते. एका हाताने लावायची पट्टी विकत घ्यायची आणि ती कापायला पुन्हा कात्री शोधायची, यात फार अर्थ नव्हता, हेही खरे. कंपनीने मग बॉय स्काउट पथकांना फुकट पट्ट्या वाटल्या. डोंगरदऱ्यांत हिंडणारी, पडणारी, खरचटून घेणारी ही मुले. त्यांच्याहून चांगले प्रचारक मिळणे कठीण. १९२४ मध्ये यंत्रे आली आणि सुट्या, तयार आकाराच्या पट्ट्या बनू लागल्या. तीन इंच लांब आणि पाऊण इंच रुंद असा तो आकार होता. आज आपण वापरतो त्यापासून तो फार दूर नाही. १९२६ मध्ये डिक्सन यांच्या नावे पेटंट मंजूर झाले. जोसेफिन यांचे नाव त्यावर नाही.

१९३९ पासून या पट्ट्या निर्जंतुक करून विकल्या जाऊ लागल्या, आणि आच्छादनाची जबाबदारी वाढली. पूर्वी त्याने चिकटपणा सांभाळला तरी पुरे होते. आता गॉजला बोटाचा स्पर्शही होता कामा नये. आजच्या पट्टीवर एकाऐवजी दोन कागद असतात आणि गॉजच्या मध्यावर ते एकमेकांवर येतात, ते याचसाठी. दोन्ही टोके चिमटीत धरून विरुद्ध दिशांना ओढली, की पट्टी उघडते, जखमेवर टेकते, आणि गॉजला हात लागत नाही. आधी कागद सोलून मग गॉज बोटाने चाचपून पाहणारे लोक आहेत. त्यांच्यापुढे या रचनेचा इलाज चालत नाही.

क्रिनोलिन पुढे मागे पडले. दुसऱ्या महायुद्धानंतर सिलिकॉनचा पातळ लेप दिलेला कागद आला. सिलिकॉनच्या पृष्ठभागाला इतर पदार्थ फारसे धरत नाहीत. म्हणून चिकट द्रव्य त्यावर टेकते, पण रुजत नाही. यात तोल साधावा लागतो. लेप कमी पडला तर कागद फाटून पट्टीवरच राहतो. लेप नीट पक्का झाला नाही तर सिलिकॉन पट्टीवर उतरते आणि मग पट्टी त्वचेला चिकटत नाही. वाहतुकीत, उन्हाळ्यात, दुकानाच्या फळीवर घट्ट राहायचे आणि चिमटीने ओढताच सोडायचे, अशा दोन विरुद्ध अटी त्या कागदाला पाळाव्या लागतात. सॅनिटरी पॅडच्या मागची पट्टी, नावाच्या चिठ्ठ्या, आणि आपल्या घरोघरचे टिकल्यांचे पाकीट हे सगळे याच कुळातले. टिकली पाकिटावरून कपाळावर, कपाळावरून आरशावर आणि आरशावरून पुन्हा कपाळावर जाते, हा मात्र आपल्याकडच्या बायकांनी लावलेला जादा शोध.

डिक्सन यांना कंपनीने विसरले नाही. ते उपाध्यक्षपदापर्यंत चढले. १९५७ मध्ये ते निवृत्त झाले, तरी संचालक मंडळावर अखेरपर्यंत होते. निवृत्तीचे तेच वर्ष आपल्या दृष्टीने वेगळ्या कारणाने लक्षात राहावे: त्याच वर्षी कंपनीची भारतातील शाखा स्वतंत्र कंपनी म्हणून स्थापन झाली, आणि १९५९ मध्ये मुंबईत मुलुंडला तिचा कारखाना उभा राहिला. पुढच्या काळात या पट्ट्या शहरातील औषधांच्या दुकानांतून तालुक्याच्या गावी आणि तिथून किराणा दुकानांतल्या काचेच्या बरण्यांपर्यंत पोहोचल्या. आपल्याकडे डबा घेणारे थोडे; गरज पडली की एक किंवा दोन सुट्या घेणारे फार. प्रत्येक पट्टी स्वतंत्र पाकिटात आणि स्वतंत्र आच्छादनाखाली असल्यानेच ही सुटी विक्री जमते. एक खोट मात्र दीर्घकाळ राहिली. कातडीचा म्हणून जो रंग या पट्ट्यांना दिला जाई, तो गोऱ्या कातडीचा होता. रानात राबणाऱ्या सावळ्या बोटावर तो लांबून दिसे. निरनिराळ्या वर्णांशी जुळणाऱ्या पट्ट्यांची घोषणा कंपनीने अमेरिकेत केली ती २०२० साली.

जॉन्सन अँड जॉन्सनने २०२३ मध्ये आपला घरगुती वस्तूंचा व्यवसाय वेगळा काढला आणि ‘बँड-एड’ हे नाव केनव्ह्यू या नव्या कंपनीकडे गेले. हे पाहायला डिक्सन अर्थातच नव्हते. २१ सप्टेंबर १९६१ रोजी कॅनडातील किचनर येथे वयाच्या ६८व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पहिल्या वर्षी ३,००० डॉलरवर अडलेली विक्री तोवर वर्षाला ३ कोटी डॉलरच्या पुढे गेली होती. त्यांच्या मागे दोन मुलगे होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मान दालनात त्यांचे नाव समाविष्ट व्हायला आणखी ५६ वर्षे लागली. ते झाले २०१७ मध्ये.