देवयानाचा वाटसरू

विभूतिभूषण बंद्योपाध्याय म्हटले की आपल्याला ‘पथेर पांचाली’ आठवते, आणि तीही बहुधा सत्यजित राय यांच्या १९५५ च्या चित्रपटातली. याच माणसाने भुते, तांत्रिक आणि परलोक यांवर मनापासून लिहिले, हे आपल्याकडे फारसे कुणी बोलत नाही. मला तर तेच विभूतिबाबू अधिक जवळचे वाटतात.

जन्म १८९४ चा. वडील गावोगाव पुराण सांगत हिंडणारे. घरात गोष्टींची श्रीमंती, पैशाची नव्हे. कॉलेजात असतानाच गौरीदेवींशी लग्न झाले आणि जेमतेम वर्षभरात ती गेली. त्यानंतर ते प्लँचेटकडे, परलोकविद्येकडे वळले. यात चमत्काराची हौस नव्हती. गेलेले माणूस कुठे असेल, एवढेच त्यांना कळायला हवे होते.

पुढे शिक्षकी झाली, मग भागलपूरकडच्या जंगलात एका जमीनदारीची व्यवस्था पाहण्याची नोकरी. त्या अनुभवातून ‘आरण्यक’ आली. तीत रानम्हशींना शिकाऱ्यांच्या खड्ड्यांपासून वाचवणारा टांडबारो नावाचा देव आहे. रानातल्या झोपडीत रात्री काहीतरी येते आणि तिथला मोजणीदार वेडा होतो, असाही एक प्रसंग आहे. ते काय होते, याचा उलगडा लेखक करीत नाही. बँकेच्या नोकरीत मीही खेड्यांत बरेच मुक्काम केले. तिथली माणसे भुताची गोष्ट पीकपाण्याच्या गोष्टीसारखीच सांगतात. विभूतिबाबूंचा सूर नेमका तोच आहे.

‘देवयान’ १९४४ ची. खेड्यात एकटा पडलेला जतीन मरतो. बालपणीच वारलेली त्याची मैत्रीण पुष्पा त्याला न्यायला येते. वरच्या लोकातही तिने लहानपणीचा गंगेचा घाट मांडून ठेवलेला असतो! पण जतीनचा जीव पृथ्वीवरच्या बायकोत, आशात, अडकलेला. पुष्पाने वर न्यावे आणि याने पुन्हा खाली धाव घ्यावी, असे चालते. कादंबरीकार म्हणून सांगतो, तत्त्वचर्चेची काही पाने जड जातात. पुष्पाची पाने मात्र खाली ठेववत नाहीत.

१९४० मध्ये रमादेवींशी त्यांचे दुसरे लग्न झाले. तरीही घाटशिलेच्या घराचे नाव ‘गौरीकुंज’च राहिले. रमादेवींनी ते नाव कसे सोसले असेल, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

त्याच घाटशिलेत १ नोव्हेंबर १९५० रोजी ते वारले. मृत्यूच्या थोडे आधी रानात त्यांना एक तिरडी दिसली, कापड दूर केले तर आत स्वतःचाच चेहरा होता, अशी आख्यायिका बंगालमध्ये सांगतात. मुलगा तारादास तेव्हा तीन वर्षांचा होता. वडिलांनी निर्माण केलेल्या तारानाथ तांत्रिकाच्या पुढच्या कथा त्यानेच मोठेपणी लिहिल्या.