विश्लेषण : सोने नेमके कोणत्या खडकात? रॉबर्ट ब्रूस फूट यांनी शोधलेल्या ‘धारवाड’ पट्ट्यांची गोष्ट

कर्नाटक आणि आंध्र प्रदेशात आजही सोन्यासाठी बोअर घेतले जातात, ते बहुतेक ‘धारवाड’ नावाच्या खडकांच्या पट्ट्यांत. या खडकांना हे नाव रॉबर्ट ब्रूस फूट या इंग्रज भूशास्त्रज्ञाने दिले. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना फूट ठाऊक असतात ते वेगळ्या कारणाने. 1863 मध्ये मद्रासजवळ पल्लावरम येथे त्यांना अश्मयुगीन दगडी हातकुऱ्हाड सापडली होती. सोन्याच्या बाबतीतले त्यांचे काम मात्र फारसे आठवले जात नाही.

फूट दक्षिणेत कसे आले?

जन्म 1834 चा, इंग्लंडमधील चेल्टनहॅमचा. 1858 मध्ये ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात रुजू झाले आणि पुढची तेहेतीस वर्षे बहुतांश दक्षिण भारतात हिंडत राहिले. बेळगाव, कलादगी, धारवाड आणि आसपासची संस्थाने म्हणजे तेव्हाचा ‘दक्षिण मराठा मुलूख’. त्यावरचा त्यांचा सविस्तर ग्रंथ 1876 मध्ये निघाला. गोकाकजवळ चिकडौली येथे गेंड्याच्या एका नामशेष जातीचे जीवाश्मही त्यांना मिळाले. नकाशा, हातोडा आणि तंबू एवढ्या सामग्रीवर हे सारे चालले होते.

सोन्याशी संबंध कुठे आला?

मुंबई इलाख्यातल्या धारवाड जिल्ह्यात, गदगच्या दक्षिणेला दंबळचे डोंगर आहेत; त्यांनाच कप्पतगुड्डा म्हणतात. तिथल्या ओढ्यांची वाळू घोळून सोन्याचे कण काढणारे जालगार पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत. सराफकट्ट्यावरची धूळ धुणारे आपल्याकडचे झारेकरी आठवावेत. हे लोक तेच काम ओढ्यात करत. फूट यांनी या भागाची पाहणी करून 1874 मध्ये अहवाल लिहिला. सोने होते, पण फार थोडे. त्यांना महत्त्वाचे वाटले ते दुसरेच. कण ज्या ओढ्यांत सापडत, ते ओढे एका ठरावीक जातीच्या खडकांवरून वाहत होते.

या निरीक्षणाची किंमत कळायला तो काळ पाहावा लागतो. 1880 च्या सुमारास मलबारातील वायनाडमध्ये सोने मिळणार म्हणून लंडनमध्ये कंपन्यांचे पेव फुटले. यंत्रे आली, भागधारकांचे पैसे आले, सोने काही पुरेसे आले नाही आणि कंपन्या बुडाल्या. कोलारमध्येही सुरुवातीला हीच गत होणार होती. हाती उरलेल्या शेवटच्या पैशांत खोदकाम चालू ठेवले तेव्हा कुठे ‘चॅम्पियन रीफ’ची समृद्ध शीर लागली. गारगोटीची शीर दिसली की खोदायचे, असा तो प्रकार. सगळ्याच शिरांत सोने नसते, हे सांगणारा माणूस हवा होता.

1887 मध्ये म्हैसूर सरकारसाठी सोन्याचे पट्टे तपासताना फूट यांचे मत पक्के झाले. दक्षिणेतील महत्त्वाचे सोने विस्तीर्ण ग्रॅनाइटसदृश खडकांत नाही. त्यांच्यामध्ये घडी पडून अडकलेल्या, लांबट, गडद पट्ट्यांत आहे. या पट्ट्यांना ‘धारवाड’ हे नाव देऊन त्यांनी 1888 मध्ये हा विचार मांडला. शोधाचे क्षेत्र त्यामुळे एकदम आकसले. धारवाड खडक आणि भोवतालचे खडक यांच्या नात्याबद्दलची त्यांची मांडणी पुढे बरीच दुरुस्त करावी लागली, पण पट्टे बरोबर होते.

सोने त्याच पट्ट्यांत का?

याचे उत्तर फूट यांच्या हयातीत मिळणे शक्य नव्हते. सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वी जमिनीखाली खोलवर खडकांचे थर एकमेकांवरून घासत सरकले. त्या भेगाळलेल्या, चिरडलेल्या पट्ट्यांना ‘शिअर झोन’ म्हणतात. त्यांतून गरम पाणी वर चढले. त्यात गंधकाशी जोडले गेलेले सोने विरघळलेले होते. धारवाड पट्ट्यांतील लोहयुक्त खडकांशी गाठ पडल्यावर गंधक लोहाला चिकटले आणि सोने सुटे होऊन गारगोटीच्या शिरांत बसले.

अशी शीर पृष्ठभागावर दिसली तरी खाली बारीक होते, तुटते किंवा अचानक फुगते. म्हणून आज हिरेजडित टोकाच्या नळीने तिरपा बोअर घेऊन खडकाचा सलग दंडगोल बाहेर काढतात, तो उभा चिरतात आणि अर्धा भाग तपासणीला पाठवतात. टनामागे काही ग्रॅम सोने निघाले तरी खाणीचा विचार होऊ शकतो. कोलारची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली आणि 2001 मध्ये बंद झाली. रायचूर जिल्ह्यातील हट्टी अजून चालू आहे.

अखेरची वर्षे आणि दंबळ

1891 मध्ये निवृत्त झाल्यावर फूट यांनी सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाची भूशास्त्रीय पाहणी केली. नंतर म्हैसूरच्या नव्या भूविज्ञान खात्याची सूत्रेही त्यांच्याकडे आली. दगडी हत्यारांचा आपला प्रचंड संग्रह त्यांनी 1904 मध्ये मद्रासच्या संग्रहालयाला विकला. 29 डिसेंबर 1912 रोजी कलकत्त्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी येरकाड येथे, त्यांच्या राहत्या गावी, चर्चच्या आवारात आहेत.

दंबळच्या डोंगरांत विसाव्या शतकाच्या आरंभी कंपन्या उतरल्या. काही वर्षांत काम थांबले. तिथल्या शिरा आजही भूशास्त्रज्ञांच्या नकाशावर आहेत. 2019 मध्ये मात्र कप्पतगुड्डा वन्यजीव अभयारण्य झाले, त्यामुळे तिथे खाण हवी की जंगल, हा वाद आता भूशास्त्रापुरता राहिलेला नाही.